इतर

ट्रिएस्टेला उतरलो तेव्हा बोरा सुटला होता.
म्हाताऱ्यांना धरायला रस्त्याकडेने दोर बांधलेले,
आणि माझ्या बगलेत मंत्रालयाची पुस्तिका,
एकशे बारा पानांची, गुळगुळीत.
तिच्यात वाऱ्याबद्दल अक्षर नव्हतं.

भूमिलेख कार्यालय दुसऱ्या मजल्यावर.
ओंडिना फुर्लानिच तिथे एकतीस वर्षं बसते.
मी म्हटलं, यापुढे प्रत्येक अर्ज नऊ मिनिटांत.
तिने चष्मा काढला. "कोणाची नऊ?"
मग वही उघडली, चामड्याच्या पाठीची,
उचलायला दोन हात लागणारी.
अ पानावर जमीन. ब पानावर मालक.
क पानावर त्या जमिनीच्या मानेवर काय काय बसलंय ते.
"हे व्हिएन्नाचं," ती म्हणाली,
जसं कुणी सांगावं, ही फोडणी सासूची.
"सम्राट गेला, राजा आला, राजाही गेला.
मधे नऊ वर्षं परक्या फौजांचा अंमल होता.
नोंद एका दिवसाचीही चुकली नाही."

रोममध्ये आम्ही नोंद करतो
ती चार लोकांना कळावी म्हणून.
इथे नोंद होते त्या क्षणी घर तुमचं होतं,
तोवर नाही,
आणि न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय होत नाही.
दोन्हीला आमच्याकडे शब्द एकच.
एका शब्दात दोन देश भाड्याने राहतात
हे मला कुठल्याच प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

नव्या पडद्यावर अकरा रकाने.
न्यायाधीशाला एकही नाही.
अकरावा: इतर.

ओंडिनाने दोन बोटांनी टंकायला घेतलं.
हुकमाची तारीख, इतर.
क पानावरचा बोजा, इतर.
बोजा ज्या बँकेचा ती बुडाल्याचा दाखला,
तिच्या वारसाचं पत्र,
पत्रावर सही नाही ही शंका,
शंकेवर न्यायाधीशांचा शेरा.
तीन महिन्यांत सगळं कार्यालय
अकराव्या रकान्यात राहायला गेलं.
उरलेले दहा टापटीप, रिकामे,
पाहुण्यांच्या खोलीसारखे.

मी वर कळवलं: अंमलबजावणी शंभर टक्के.
खोटं नव्हतं ते.
उत्तर आलं: अभिनंदन.
आणि खाली, बारीक अक्षरात,
इतरची अक्षरमर्यादा वाढवून का मागता?

वरवर पाहिलं तर ये रे माझ्या मागल्या.
पण एक गोष्ट लिहून ठेवतो,
कारण अहवालात ती कुठेच बसली नाही.

नंबराचं यंत्र आलं तेव्हा ओंडिना चिडली,
"हे काय सलामीचं दुकान आहे?"
कार्स्टच्या पठारावरून स्रेच्को गुश्तिन आला होता,
बुटांना पांढरी धूळ.
त्याचं नाव या खिडकीत कुणाच्या जिभेवर बसत नसे,
म्हणून तो वर्षानुवर्षं "जरा थांबा" होता.
त्या दिवशी तो सत्तेचाळीस होता.
सत्तेचाळीस पुकारलं.
तो उठला, मागे वळून पाहिलं,
कुणी पुढे घुसलं नाही.
काम झाल्यावर चिठ्ठी त्याने टोपलीत टाकली नाही.
घडी घालून पाकिटात ठेवली.

ओंडिनाने ते पाहिलं. बोलली नाही.
सोमवारी यंत्रातलं कागदाचं रीळ संपलं,
ते तिनेच, स्टुलावर चढून, भरलं.

काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
इथला दगड पांढरा.
रेघ तशीच; फक्त जवळून पाहावी लागते.

निघताना गमतीने विचारलं,
माझी नोंद कुठे कराल?
"क पानावर."
म्हणजे बोजा?
"फिटला की लाल रेघ ओढतो आम्ही," ती म्हणाली,
वही मिटता मिटता.
"खालचं वाचता येतं."

बाहेर बोरा तसाच.
मी चाळीस वर्षांचा, धडधाकट.
इकडे तिकडे पाहून
दोर धरला.